दिवे बघ आधी

मुलुंडकरांनो, नव्या हॉटेलबाहेर सेल्फीसाठी ठेवलेला तो जुना लाल ट्रॅक्टर पाहिलात का? आज अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मुद्दाम रिक्षाने तिथे नेलं.

अण्णा गावाकडे ट्रॅक्टर मेकॅनिक होते. या ट्रॅक्टरची दोन जुनी मॉडेल्स अगदी जुळ्या भावांसारखी दिसतात. फरक फक्त दिव्यांचा. आधीच्या मॉडेलचे दिवे पुढच्या जाळीत, नंतरच्याचे बाजूला मडगार्डवर. लहानपणी मी ओळखायला चुकले की अण्णा गॅरेजभर ऐकू जाईल असं ओरडायचे, "दिवे बघ आधी, मग तोंड उघड."

हल्ली ते बरंच विसरतात. डॉक्टर म्हणाले, ओळखीच्या गोष्टी दाखवत जा.

या ट्रॅक्टरचे दिवे मडगार्डवर होते. तरी मी मुद्दाम चुकीचं बोलले, "अण्णा, हे आधीचं मॉडेल ना?" आणि ओरडा खायला तयार होऊन उभी राहिले.

अण्णांनी बॉनेटवरून हात फिरवला. दिव्यांकडे बघितलं. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "तुम्ही म्हणताय तर असेल, ताई."

तुमचे वडील अजून तुमच्या चुका काढतात का? वैताग येतो ना? मलापण यायचा, यार.