तेच सीताफळ, दुसरा दर्जा

केजच्या बाजारात माझ्या मैत्रिणीच्या अब्बांचा फळांचा मोठा धंदा. कॉलेजात आम्ही दोघी एकाच वर्गात होतो. कॅमेऱ्याखाली सीताफळ ठेवलं की एक नंबर की दोन नंबर ते सांगणारं सॉफ्टवेअर आम्ही त्यांच्यासाठी मिळून लिहिलं. आमचा नियम ठरलेला: दर्जा ठरवणारं फंक्शन शुद्ध असेल. तेच फळ दिलं की तेच उत्तर, आणि बाहेरच्या कशालाही त्याने हात लावायचा नाही.

एका दुपारी अब्बांनी एक सीताफळ माझ्यापुढे धरलं.

"सकाळी हे एक नंबर होतं. आत्ता दोन नंबर कावून? शेतकरी माझ्याकडं बघून कुजबुजायलेत."

फळ तसंच टणक होतं, डोळेही उघडलेले नव्हते. दोन नंबरचा माल स्वस्तात मिळतो, आणि खरेदी करणारे अब्बाच. माझ्या मनात पाल चुकचुकली. मैत्रिणीला न विचारताच मी तिने लिहिलेला भाग उघडला.

फंक्शनचं नाव होतं 'दर्जा सांग'. पण सांगता सांगता ते प्रत्येक फळ दिवसाच्या सरासरीत मिसळत होतं आणि पुढचं फळ त्या नव्या सरासरीशी ताडून बघत होतं. सकाळी उत्तम माल आला की दुपारच्यांसाठी कसोटी गुपचूप कडक व्हायची.

"हे तू मुद्दाम केलंस?" मी मैत्रिणीला विचारलं.

"हंगामाप्रमाणं कसोटी बदलावी म्हणून केलं. अन् तुझ्या मामांचा माल रोज सगळ्यात आधी लागतो, एक नंबरातच जातो. मला वाटलं, तूच काहीतरी केलंस."

मामाही अब्बांनाच सीताफळं विकतात आणि पहिल्या मालाला कसोटी सैल लागते, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

मग दोघींनी बसून ते उकललं. कसोटी रोज सकाळी अब्बा सगळ्यांसमोर ठरवणार आणि ती फळासोबत उघडपणे फंक्शनच्या हातात देणार. ते फक्त उत्तर देईल. नोंदी ठेवायचं काम वेगळ्या जागी. संध्याकाळी अब्बांनी एकच फळ पुन्हा पुन्हा ठेवून पाहिलं. उत्तर हललं नाही.

"आता लई बरं हाय," ते म्हणाले, तरी ते फळ त्यांनी दुसऱ्या दिवसासाठी बाजूला काढून ठेवलं.

तेव्हापासून एकमेकींचा कोड ओळ न् ओळ वाचल्याशिवाय आम्ही काहीच चालू करत नाही. ती याला शिस्त म्हणते. मला त्यात त्या दुपारचा संशयही दिसतो.