क्लबाचा स्लॅब आणि न्हाणीतला ठोकळा

धरणाच्या कॉलनीतला जुना हॉल पाडायचा ठरलाय, हे मी घरी येऊन सांगितलं आणि चूक केली. आईचा पारा असा चढला, जणू मीच पहार घेऊन निघाले होते! उलट मला तो हॉल हवा होता. मी आमच्या वाडीची अंगणवाडी पत्र्याच्या शेडमध्ये चालवते. उन्हाळ्यात पोरं तिथे अक्षरशः भाजून निघतात.

हॉल धरण बांधलं तेव्हाचा, साहेबलोकांच्या क्लबासाठी. कागदाला घड्या घालाव्यात तसा स्लॅब, भिंतींना सिमेंटच्या जाळ्या, त्यामुळे आत भर दुपारी गार. कित्येक वर्षं त्याला कुलूप होतं. पाहणीला आलेल्या तरुण इंजिनियरने छताला गळतीचे डाग बघितले आणि म्हणाला, "जुना माल, कच्चा. पाडलेलाच बरा."

तो माल डोक्यावरून वर नेणाऱ्या बायकांत आई होती.

"कच्चा म्हनतो? घमेली आमी वायली, त्याने नाय!" ती तरातरा न्हाणीत गेली आणि टाचा घासायचा ठोकळा घेऊन आली. लहानपणापासून मी त्यावर पाय घासले, पण तो कधी उलटा करून बघितला नव्हता. खाली खिळ्याने कोरलेली तारीख होती आणि 'हॉल' ही अक्षरं. त्या काळी स्लॅबच्या मालातूनच थोडा साच्यात भरून असे ठोकळे करत आणि मशीनखाली फोडून ताकद बघत. एक जास्तीचा उरला, तो आईने मागून घरी आणला होता.

दुसऱ्या दिवशी तिने तो इंजिनियरसमोर नेऊन ठेवला. तो हसला नाही, एवढं श्रेय त्याच्या पदरात टाकते. त्याने मुरबाडच्या एका कॉलेजात मशीनची सोय केली. जीपवाला म्हणाला, ठोकळा टपावर टाका. आईने तो फडक्यात गुंडाळून सगळा रस्ता मांडीवर ठेवला.

"आजी, हा फुटणार. परत मिळायचा नाही," इंजिनियर म्हणाला.

"फोडा. पन काटा बघत ऱ्हावा."

मशीन घरघरू लागलं. जिथवर ठोकळा टिकला तरी पुरे होतं, ती खूण काट्याने ओलांडली. आणखी पुढे गेला. आई पदर खोचून काट्याकडे बघत उभी. मग कडाड आवाज झाला. इंजिनियरने काट्याकडे बघितलं, मग आईकडे. "आजी, असा माल आम्हाला आता मिळत नाही."

तरीही तो म्हणाला, ठोकळा न्हाणीत होता, स्लॅब पावसात, तेव्हा स्लॅबही तपासायला हवा. बरोबरच होतं. त्याने स्लॅबचे तुकडे काढून तेही मशीनखाली घातले. पास! गळतीचं कारण पाल्याने तुंबलेली पन्हळ निघाली. माझा आनंद गगनात मावेना.

अंगणवाडी हॉलमध्ये आली त्या दिवशी आई नवी साडी नेसून दारातच थांबली. क्लब तयार झाल्यावर घमेलीवाल्या बायकांना आत कुणी येऊ दिलं नव्हतं. मी हाताला धरून तिला आत आणलं, तर बाई सरळ फरशीवर उताणी पडली. पोरंही खिदळत तिच्या शेजारी आडवी झाली.

मी घाबरले. "आये, काय झालं गो?"

"गप. वरून म्हाईत व्हता. खालून आज बघते."