आठ गुणिले बेचाळीस

बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढल्यामुळे निवृत्तीनंतरही सगळे तिला ऑपरेटरबाईच म्हणत. सगळे म्हणजे तळमजल्यावरचा इस्त्रीवाला आणि समोरच्या दारातली शेजारीण. आई होती तोवर घरात बोलणं तरी असे. ती गेली आणि तेही थांबलं. आईची खाट खिडकीशी होती. त्या रिकाम्या खाटेवर बसायला लागल्यावर ऑपरेटरबाईला तळ्यापलीकडच्या वाळक्या झाडावरचा पक्षी दिसला. रोज सकाळी यायचा, शेंड्यावर बसायचा. मधेच उडून हवेत एका जागी पंख मारत थांबायचा आणि खाली झेपावायचा. पांढरट आहे, यापलीकडे काही कळत नव्हतं. हा कोण, या एका प्रश्नाने तिला चैन पडेना.

महिनाभर आज-उद्या करत शेवटी ती चष्म्याच्या दुकानात गेली. तिथे कपाटात दुर्बिणीही असत. "सगळ्यात मोठी दाखवा" एवढंच म्हणायचं होतं, पण आवाज फुटेना. घसा खाकरावा लागला. गेल्या चार दिवसांत आपण कुणाशी एक शब्दही बोललो नाही, हे तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं.

चष्मेवाला तिच्याच वयाचा, सावकाश बोलणारा. त्याने वीस गुणिले पन्नासची दुर्बीण तिच्या हातात दिली आणि तिला दुकानाच्या पायरीवर नेलं. समोरच्या गच्चीवरचं कबूतर काचेत नुसतं थयथयाट करत होतं.

"कबूतर जागेवरच आहे, ताई. हलतोय तो आपला हात," तो म्हणाला. "पक्षी वीसपट जवळ आला, की हाताची थरथरही वीसपट होते."

मग त्याने आठ गुणिले बेचाळीसची काढली. आठ म्हणजे आठपट जवळ, बेचाळीस म्हणजे पुढच्या काचेची रुंदी, मिलिमीटरमध्ये. बेचाळीसला आठाने भागलं की पाच आणि थोडं वर. डोळ्यात शिरणारा उजेडाचा गोल तेवढा रुंद. खिशात मावणारी आठ गुणिले पंचवीस हलकी खरी, पण तिचा गोल जेमतेम तीनचा, पहाटेच्या अंधुक उजेडात ती कामाची नाही. शिवाय वीसपटीच्या दुर्बिणीपेक्षा हातातल्या हिच्यात आजूबाजूचंही जास्त दिसतं, म्हणून उडालेला पक्षी चटकन हरवत नाही. तिला चष्मा होता, तेव्हा चष्म्यासकट डोळे काचेच्या पुरेसे जवळ यावेत म्हणून त्याने डोळ्यांकडचे रबरी कप खाली फिरवून दिले. आता कबूतर शांत उभं होतं. त्याच्या मानेवरची हिरवी झाक तिला दिसली.

"मधलं चाक दोन्ही डोळ्यांचं," तो सांगत होता. "उजवीकडची ही कडी दोन डोळ्यांतला फरक भरून काढायला. घरात आणखी कुणी बघणार असेल, तर दर वेळी ती नव्याने लावावी लागेल."

"आणखी कुणी नाही," ती म्हणाली.

त्याने तिला एकेक डोळा झाकून पाहायला लावलं. मग तिच्या डोळ्यांना जुळेल तशी कडी लावली, हलू नये म्हणून चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावला आणि दुर्बीण तिच्या गळ्यात अडकवली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती खिडकीत कोपरं टेकून बसली. पक्षी आला. राखाडी पाठ, पांढरंशुभ्र पोट, खांद्यावर काळा डाग. त्याने मान वळवली आणि लालभडक डोळ्यांनी थेट तिच्याकडेच पाहिलं. तिने दचकून दुर्बीण खाली केली. पदर सारखा केला आणि मग स्वतःशीच ओशाळली. किती दिवसांत असं तिच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं.

हे कुणाला तरी सांगावं, असं तिला फार वाटलं. दुकान उघडायच्या आधीच ती पायरीवर जाऊन उभी राहिली. चष्मेवाल्याने कुलूप काढता काढता सगळं ऐकून घेतलं.

"डोळे लाल? मग कापशी घार," तो म्हणाला.

एवढ्यात दोन गिऱ्हाईकं आली. पुन्हा काही दिसलं तर सांगा, असं तो म्हणाला खरा, पण तोवर त्याचं तोंड गिऱ्हाइकांकडे वळलं होतं. ती जरा वेळ उभी राहिली आणि निघाली. ते नुसतं म्हणण्यापुरतं होतं की मनापासून, हे काही तिला ठरवता येईना. दुर्बीण गळ्यातच होती. घरी न जाता ती तळ्याकडे वळली. पाण्याकाठच्या लव्हाळ्यात काहीतरी हलत होतं, आणि तिच्या खिडकीतून तो भाग दिसत नसे.