टेपचं दुसरं टोक

माझ्या मोठ्या काकांना चर्चच्या मंडळीत सगळे नजरकाका म्हणत. पेशाने सुतार. कपाटं करत, खिडक्यांच्या चौकटी करत, आणि मंडळीत कुणी प्रभूकडे गेलं की पुरायची पेटीही करत. पेटीसाठी त्यांनी कधी टेप लावली नाही. माणसाला जिवंतपणी एकदा चालताना बघितलं की माप डोक्यात बसायचं, आणि ते अर्ध्या बोटानेही चुकायचं नाही. त्यामुळे उपासना संपल्यावर काका हात मिळवायला आले की म्हातारेकोतारे मागे सरत. "बघू नका हो, आम्ही अजून आहोत!" काका हसायचे. देवाला ते 'मालक' म्हणत. "मालक आपल्याच धंद्यातला. सुताराच्या घरात वाढलेला, रंधा मारलेला माणूस आहे तो, त्याला सगळं कळतं."

काकू आजारी पडली तेव्हा सहा महिने आम्ही सगळ्यांनी प्रार्थनेवर प्रार्थना केल्या. सातव्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, घरी न्या. त्याचा अर्थ न कळण्याइतकं आमच्यात कुणी दूधखुळं नव्हतं.

मी शाळेत शिकवते. रोज दुपारी शाळा सुटली की काकूची चादर बदलायला जायची. आठवड्याभरात माझ्या लक्षात आलं, काका औषध देतात, उशी सारखी करतात, पण तिच्याकडे बघत नाहीत. भिंतीशी बोलतात. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. चाळीस वर्षं संसार केला, आणि आता तोंड फिरवायचं?

काकूलाही दिसत होतंच. एके दिवशी तिने माझ्यादेखतच विचारलं, "एवढी वाईट दिसते का हो मी?"

काका मटकन खुर्चीत बसले. "तसं नाही गं. बघितलं की नजर माप घेते. मी नको म्हणतो, तरी घेते. जिवंत बायकोचं माप!"

मी हातातल्या चादरीची घडी घालत राहिले. काकू म्हणाली, "मग घ्या माप. पण माझ्याकडे बघा. त्या भिंतीला कुठे न्यायचंय?"

त्या दिवसापासून ते बघू लागले. रोज बघत बसायचे. प्रार्थना मात्र सुटली. पाळकसाहेब येऊन म्हणाले, यात देवाचा काहीतरी हेतू असेल. काका म्हणाले, "असेल. पण मालकाला लाकूडच कळतं बहुतेक, साहेब. बाईमाणसाचं दुखणं कळत नाही." पाळकसाहेब भला माणूस, चहा पिऊन गेले. मला मात्र देवाचाही राग आला आणि त्या चहाचाही.

एका सकाळी काकू गेली. पेटी काकांनी एकट्याने केली, नेहमीसारखी टेपशिवाय. तिला आत ठेवलं आणि पायाकडे वीतभर जागा रिकामी राहिली. नजरकाकांचं माप पहिल्यांदाच चुकलं होतं. दुखण्याने काकू आखडून एवढीशी झाली होती, आणि त्यांच्या नजरेत ती अजून धडधाकटच होती, टाचा न उचलता कपाटावरचा डबा काढणारी. काकांनी तिची शाल घडी करून त्या जागेत ठेवली. जागा तेवढ्याने भरेना. तेव्हा ते हमसून हमसून रडले.

दोन महिने त्यांनी करवत हातात धरली नाही. मग मंडळीतल्या शिंप्याची आई वारली, आणि काका टेप घेऊन त्याच्या घरी गेले. शिंप्याच्या घरी टेप नेणारा हा पहिलाच माणूस असेल. "माझ्या नजरेचा आता भरवसा नाही," ते त्याला म्हणाले. "तू डोक्याकडचं टोक धर." शिंपी सकाळपासून उंबऱ्यातच उभा होता, आईजवळ जायला धजत नव्हता. तो गेला. टोक धरलं आणि आईच्या कपाळावर हात ठेवून ओक्साबोक्शी रडला. मिनिटाचं काम, पण काका तिथे दुपारपर्यंत बसले होते.

तेव्हापासून तीच पद्धत पडली, डोक्याकडचं टोक घरच्या माणसाने धरायचं. एकदा मी विचारलं, "काका, हाच असेल का तो देवाचा हेतू?"

ते चिडले. "हेतूबितू मला ठाऊक नाही. मला अजून प्रार्थनासुद्धा जमत नाही. एकट्याने धरली की टेप सुटते, एवढंच मला कळलंय."

गेल्या आठवड्यात माझे बाबा गेले, काकांचा धाकटा भाऊ. काका टेप घेऊन आले. डोक्याकडचं टोक त्यांनी माझ्या हातात दिलं आणि स्वतः पायाकडे गेले. टेप ताणली, पण त्यांना आकडा काही वाचता येईना.

"तू वाच," ते म्हणाले.

मी तरी काय वाचणार? माझेही डोळे भरलेले. आम्ही दोघं नुसती टेप धरून उभे राहिलो. त्यांच्या हातातलं टोक सारखं सरकत होतं.

मग मान खाली घालूनच ते म्हणाले, "मालक, तूही धर जरा."