रत्नपूरच्या राजाचा चुलतभाऊ

रत्नपूर कुठं हाय म्हणून इचारू नका. कुठंच न्हाई. आमच्या गावच्या म्हादेवाच्या जत्रंत नाटक व्हतंय, त्यातलं राज्य ते. शिरूर अनंतपाळच्या अंगाला आमचं गाव, आन् नाटकातली सोंगं घराण्यानं चालत आलेली. राजा पाटलाच्या घरचा, परधान वाण्याच्या घरचा, आन् राजाचा चुलतभाऊ आमच्या घरचा. आमचे मालक शेषेराव जल्मभर चुलतभाऊच झाले. गादीच्या बाजूला उभं राहायचं, मुजरा करायचा, आन् "महाराज, सेवक हजर आहे," एवढं बोलायचं. झालं काम!

पण ह्या माणसाला राजाचं सगळं भाषण तोंडपाठ! आऊत हाकताना बैलांपुढं म्हणायचे. आवाज असा, की शेजारच्या रानातली माणसं हातचं काम टाकून ऐकायची. मी म्हणायचे, "बैलं कटाळली महाराज, आता पुरं करा." हसायचे नुसते. पण एकडाव तरी त्या गादीवर बसावं, ही त्यांची आस मला ठावं हुती.

बहात्तरला दुष्काळ पडला. वीरभद्रप्पा पाटील जनावरं घेऊन चाऱ्यासाठी माहूरच्या डोंगराकडं गेले. अख्खं गाव दुष्काळी कामावर खडी फोडत हुतं. तरी जत्रा मोडायची न्हाई म्हणून नाटक ठरलं, आन् रॉकेल न्हाई म्हणून भर दुपारी. पाटलांनी माणूस धाडून सांगितलं, "औंदा शेषेरावला बसवा." पंचातले थोरले गुरुपादप्पा सोता आमच्या दारात निरोप घेऊन आले. मला वाटलं, म्हादेव पावला!

आन् आमच्या शहाण्यानं काय करावं? ऐन वक्ताला पाटलाच्या घरून आणलेला त्यांचा फेटा गादीवर ठिवला, आपण बाजूला उभं राहिले, आन् हात जोडून म्हणाले, "गादी थोरल्या घराची. धाकट्यानं बसू नये." मग राजाचं सगळं भाषण त्या फेट्याकडं बघून, "महाराजांचा हुकूम असा," म्हणत बोलले. बाया रडल्या. लोक पाया पडले. गुरुपादप्पांनी मिठी मारली. मी मातर जळत हुते. घरी आल्यावर मी म्हणाले, "पुढं आलेलं ताट लोटलं की वो तुमी!"

"अगं, पाटलाचं नडलं आन् हा बसला, असं म्हणले असते लोक."

"म्हणू द्या की! लोकांच्या तोंडाला हात लावतंय का कोण?"

दहा वर्सांनी लातूर जिल्हा झाला. तिथल्या सोहळ्यात आमच्या नाटकाला बोलावणं आलं. वीरभद्रप्पा वारले हुते. त्यांचा लेक सिद्धराम उदगीरला आडतीत बसायचा, त्याला राजाच्या चार ओळी धड येत नव्हत्या. तवा आमचे मालक जल्मात पयल्यांदा काही मागाय गेले. मीबी संगं गेले.

"गुरुपादप्पा, एकडाव मला बसू द्या."

म्हातारा वाईट नव्हता. हळूच म्हणाला, "शेषेराव, गादी थोरल्या घराची, हे तुमीच शिकवलं गावाला. आजबी लोक पोरासोरांना सांगतेत. आन् आता तुमीच मोडता व्हय?"

लातुरात सिद्धराम गादीवर बसला आन् भर सभेत अडकला. मालकांनी बाजूनं हळू सांगितलं, त्याला ऐकू गेलं न्हाई. मग ह्यांच्या तोंडून राजाचं बोलणं मोठ्यानं सुटलं. काय खणखणीत! सभा गप झाली. तेवढ्यात मागून कुणीतरी वरडलं, "चुलतभाऊ फितूर झाला रं!" आन् सगळे हसले. मालकांनी मान खाली घातली, त्या पोराला मुजरा केला, म्हणाले, "माफी असावी, महाराज." ते काय नाटकात नव्हतं.

येताना एस्टीत खिडकीकडं तोंड करून म्हणाले, "बसाय पायजे हुतं गं तवा. आता आपल्या लेकालाबी जल्मभर उभंच राहावं लागंल."

भांडायची लई हौस मला, पण त्या दिवशी पदरानं त्यांच्या कपाळावरचा उरलेला रंग पुसला. मालक जाऊनबी आता वर्सं झाली. खरंच बोलले हुते. लेक माझा अजून उभाच हाय.