पाच गोण्यांची ओटी

मुलांनो, गयामायकडे कोणी बोलायला आलं, की ती आधी हातातलं हळकुंड कानाजवळ नेऊन मोडायची. आवाज टणक आला तर माल वाळलेला, दबका आला तर आत ओल. माणसांबद्दलही ती मला तेच म्हणायची. "मोडल्याबिगर खरं कळत न्हाई, मॅडम."

अर्धापूरजवळच्या आमच्या गावात तिची थोडीशी जमीन होती. तिच्यासारख्याच लहान शेतकऱ्यांनी मिळून हळदीचा गट काढला. ती अध्यक्ष झाली. मी इंग्रजीची निवृत्त शिक्षिका, म्हणून परदेशी खरेदीदाराची पत्रं वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. त्याच्या अटी लांबलचक: फवारणी नको, खताची जुनी पोती नकोत, रंग तर मुळीच नको. गयामाय म्हणायची, "इतकं तर सोयरीक जुळवतानाबी कोणी इचारत न्हाई!"

मागच्या वर्षी पहिला ट्रक भरला. गोण्या शिवायच्या आधी ती ताट घेऊन आली. "लेक सासरी चालली. रिकाम्या ओटीनं कशी धाडू?" असं म्हणून तिनं पाच गोण्यांत कुंकू लावलेले तांदूळ घातले. ताट मी धरलं होतं. कुंकू हळदीचंच असतं, असं आम्ही दोघी लहानपणापासून धरून चाललेल्या.

काही दिवसांनी पत्र आलं. बंदरावरच्या तपासणीत मालात कृत्रिम रंग सापडला होता. दोन दिवसांत खुलासा द्या, नाहीतर सगळा माल परत येईल आणि पुढची खरेदी बंद.

गोदामात सगळे जमले. तिचे दीर दत्तराव गटातल्या नामदेवकडे बोट दाखवून ओरडले, "आडत्याकडं हळदीला रंग लावून पॉलिश कोण करत होतं? ह्योच ना?"

"पोटासाठी केलं, काका. गटात आल्यापासून रंगाला बोट लावलं आसंल तर हात झडो माझा!"

"चोर कधी 'हाव, मीच' म्हणतो का?"

गयामायनं सगळ्यांना गप्प केलं, पण तिचा आवाजही कडक होता. "नामदेव, खरं बोल. तुझ्यापायी साऱ्यांचा माल बुडून राहिला."

नामदेवनं खिशातून गटाचं ओळखपत्र काढून तिच्यापुढे ठेवलं आणि दाराकडे वळला.

तेवढ्यात माझ्या फोनवर खरेदीदाराकडून नमुन्याचा फोटो आला. हळकुंडांमध्ये चार-दोन तांदळाचे दाणे होते. लाल. मी फोन गयामायपुढे धरला.

"मोठं करा," ती म्हणाली. एकेक दाणा निरखून पाहिला. मग उठली.

"नामदेव, माघारी ये. ह्ये माझ्या हातचे तांदूळ हायत."

मी हळूच म्हटलं, "कारण कळलं नाही, असंही लिहिता येईल."

"आन् ह्याच्यावरचा डाग? त्यो कोण धुवंल? जसं झालं तसं लिहा मॅडम. कुंकू बाजारचं, रंगाचं होतं, मीच घातलं."

"ताट माझ्या हातात होतं. तेही लिहिते."

"लिहा की! दोघी मिळून शाण्या."

ओळखपत्र तिनं स्वतःच्या हातानं नामदेवच्या खिशात घातलं. "तुला मोडाया निघाले व्हते रे. आदी मलाच मोडून पाहायचं व्हतं."

खुलासा त्याच दिवशी गेला. शेवटी खरेदीदारानं प्रत्येक गोणी वेगळी तपासली. त्या पाच परत आल्या, बाकीच्या गेल्या. आडत्या पाचही घ्यायला तयार होता. ती म्हणाली, "तिकडची लेकरं खाणार न्हाईत, मग हितली काहून खातील?" आणि तिनं ती हळद खड्ड्यात पुरली. गोण्यांची भरपाई स्वतःच्या मालातून केली.

या हिवाळ्यात गयामाय गेली. परवा यंदाचा ट्रक भरला. ओटीचं ताट या वेळी कोणी आणलं नाही. नामदेव प्रत्येक गोणीतून एक हळकुंड काढून कानाजवळ मोडत होता. शेवटच्या गोणीपाशी त्यानं हळकुंड माझ्या कानाजवळ धरलं.

"ऐका, मॅडम."

टणक आवाज आला. मग त्यानं गोणी शिवायला सांगितली.