होडीवरचे कपडे

मांडवीत भाड्याने राहत होतो, तेव्हा समोरच्या पडवीत ती रोज दिसायची. नाव कधी विचारलं नाही. घर मासेमारी करणाऱ्यांचं. दोन हजार सालाच्या आसपास त्यांच्याकडे वॉशिंग मशीन आलं, आमच्या आळीतलं पहिलंच, आणि थोड्याच दिवसांत तुंबलं. धुण्याचं पाणी बाहेर जाईना.

मेकॅनिक आला. त्याने नळी काढून झटकली, तर वाळू आणि माशांची खवलं पडली. "वहिनी, होडीवरचे कपडे यात घालायचे नसतात. हे मशीन त्यासाठी नाही," तो सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाला.

मला वाटलं, ती ओशाळेल. तिने पदर कमरेला खोचला.

"मशीन घरातली कापडं धुवायला आनलंय ना? आमच्या घरात हीच कापडं हायत. तुमच्या मशीनसाठी आता सायबाची आनू कुठनं?"

तो गेल्यावर तिने जुन्या जाळ्याचा बारीक विणीचा तुकडा कापला आणि टबातलं पाणी बाहेर जायच्या तोंडावर घट्ट बांधला. मग रोज धुणं झालं की तो सोडायची, कुंपणाच्या दगडी गडग्याच्या चिऱ्यावर आपटून खवलं झाडायची आणि पुन्हा बांधायची. आपटायची अशी, की जणू चिऱ्यावर तो मेकॅनिकच बसलाय.

मशीन पुन्हा तुंबलं नाही. पूर्वी होडीवरचे कपडे मागच्या दारी वाळायचे. मेकॅनिक आला त्या दिवसापासून ती ते रस्त्याकडेच्या दोरीवर घालू लागली, सगळ्यांत पुढे.